फोनवरून गिलिनॉरला परत: ओल्ड स्कूल रूनस्केप पुन्हा सुरू करताना

रूनस्केप हा गिलिनॉर नावाच्या काल्पनिक जगात अनेकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन खेळ ४ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. ब्राउझरमध्ये उघडायचा, फुकट खेळता यायचा आणि जुन्यापान्या कॉम्प्युटरवरही चालायचा. शाळा-कॉलेजच्या वयात त्यात बुडालेली मंडळी आज नोकरी-संसारात आहेत. सलग तीन-चार तास स्क्रीनसमोर बसणं आता कुणाला जमतं? पण हातातल्या फोनवर वीस मिनिटं मिळतात. ३० ऑक्टोबर २०१८ पासून ओल्ड स्कूल रूनस्केप, म्हणजे त्याची जुन्या रूपातली आवृत्ती, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे, आणि तो कापून-छाटून केलेला वेगळा खेळ नाही. सर्व्हर तेच, माणसं तीच, अकाउंट तेच. दुपारी फोनवर तोडलेली लाकडं रात्री कॉम्प्युटरवर खेळातल्या त्याच बँकेत, म्हणजे सामान ठेवायच्या जागेत, दिसतात.

मला हा खेळ मनापासून आवडतो आणि जुन्या खेळाडूंनी परत यावं असं वाटतं. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो: फोनवर तो जुन्या तालात खेळायला गेलात तर कंटाळाल. फोनला जे जमतं ते फोनवर करायचं आणि उरलेलं बाजूला ठेवायचं, हे ठरवून आलात तर तो पुन्हा तितकाच लळा लावतो. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

तुमचं जुनं कॅरेक्टर नेमकं कुठे आहे?

ॲप डाउनलोड करण्याआधी हे समजून घ्या, कारण परतणाऱ्यांचा सगळ्यात मोठा हिरमोड इथे होतो. त्या जुन्या रूनस्केपमधून आज जॅगेक्स कंपनीचे दोन वेगळे खेळ झाले आहेत. एक रूनस्केप, ज्याला खेळाडू 'आरएस थ्री' म्हणतात, आणि दुसरा ओल्ड स्कूल. दोघांचं लॉगिन एक असू शकतं, पण कॅरेक्टर, लेव्हल आणि बँक पूर्णपणे वेगळी.

झालं असं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि जुने खेळाडू नाराज झाले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधला एक बॅकअप होता. तो पुन्हा सुरू करावा का, यावर मतदान घेतलं, जवळपास साडेचार लाख मतं पडली, आणि २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ओल्ड स्कूल सुरू झाला. मात्र जग तेवढं २००७ चं आलं. खेळाडूंची प्रगती आली नाही. प्रत्येकाने शून्यापासून सुरुवात केली.

म्हणजे तुम्ही २००४ ते २०१२ या काळात खेळला असाल आणि नंतर कधीच नाही, तर तुमचं ते कॅरेक्टर आरएस थ्रीमध्ये आहे. त्याच लॉगिनने ओल्ड स्कूल उघडलंत तर थेट ट्युटोरियल आयलंडवर नवशिक्या म्हणून उभे राहाल. कॅरेक्टर पुसलं गेलं असं समजून घाबरू नका. २०१३ नंतर ओल्ड स्कूल खेळला असाल तर सगळं जसंच्या तसं सापडायला हवं. आणि २००४ च्या आधीच्या जुन्या रूपाची, म्हणजे रूनस्केप क्लासिकची ओढ असेल, तर त्याचे सर्व्हर ६ ऑगस्ट २०१८ रोजी कायमचे बंद झाले.

आरएस थ्रीचंही मोबाइल ॲप आहे. ते १७ जून २०२१ रोजी आलं. मेहनतीने जमवलेलं जुनं कॅरेक्टर पाहायचंच असेल तर एकदा तिथे जाऊन या. जुन्या पद्धतीची लढाई हवी असेल तर त्यात लेगसी मोडही आहे. पण फोनवर रोज खेळायला मी ओल्ड स्कूलच सुचवेन. त्याचा पडदा साधा आहे, बटणं कमी आहेत, आणि आठवणीतल्या वाटा तशाच आहेत.

अकाउंट हाती येईपर्यंत

फार जुन्या अकाउंटचं लॉगिन ईमेलने नव्हे, तर युजरनेमने व्हायचं. त्यामुळे ईमेल टाकून जमलं नाही तर तेव्हाचं युजरनेम टाकून पाहा. पासवर्ड आठवत नसेल तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून अकाउंट परत मिळवण्याचा अर्ज भरता येतो. त्याआधी अर्धा तास काढून हे जमवा: तेव्हाचे आठवतील तेवढे सगळे पासवर्ड, अकाउंट साधारण कोणत्या वर्षी उघडलं, तेव्हा कुठे राहत होता, मेंबरशिप (पैसे भरून घ्यायची वर्गणी) घेतली असेल तर पैसे कसे भरले होते. जुन्या मेलबॉक्समध्ये खेळाचं नाव टाकून शोधा. एखादी पावती सापडली तर तिच्यावरून बरंच काही कळतं.

अकाउंट उघडलं की ते 'जॅगेक्स अकाउंट'मध्ये बदलून घ्या. एका जॅगेक्स अकाउंटखाली अनेक कॅरेक्टर ठेवता येतात आणि त्याची सुरक्षा जुन्या लॉगिनपेक्षा कितीतरी पक्की आहे. बदलताना ईमेल नीट निवडा. जो ईमेल आज रोज वापरता तोच द्या, आणि त्या ईमेललाही दोन टप्प्यांची सुरक्षा लावा. चोर खेळाच्या दारातून क्वचित येतात. ते ईमेलच्या दारातून येतात.

मग कॅरेक्टर घेऊन थेट कोणत्याही बँकेत जा, बँकरला धरा आणि चार आकड्यांचा बँक पिन लावा. पिन काढून टाकायची विनंती केली तरी तो लगेच निघत नाही, काही दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात तुम्ही सावध होऊ शकता. फोन हरवला किंवा कुणाच्या हातात पडला तर हा पिनच तुमची वर्षांची कमाई वाचवतो.

पडदा आणि बोटं

ॲप उघडल्यावर लगेच पळत सुटू नका. आधी लंब्रिज या सुरुवातीच्या गावातल्या किल्ल्यासमोर उभे राहून बोटांना सवय लावा. एक टॅप म्हणजे माउसचं डावं बटण. बोट दाबून धरलं की उजव्या बटणाचा मेन्यू उघडतो: चाला, तपासा, बोला, हल्ला करा. रिकाम्या जागी बोट सरकवलं की कॅमेरा फिरतो, दोन बोटांनी जवळ-लांब होतो. होकायंत्रावर टॅप केलं की तोंड उत्तरेकडे होतं. दिशाभूल झाली की सगळ्यात आधी हेच करा.

खेळाचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं. खेळाडू त्याला 'टिक' म्हणतात. तुम्ही कितीही भराभर टॅप करा, सर्व्हर दर ०.६ सेकंदांनीच पुढची हालचाल घेतो. वीस वर्षांपूर्वीच्या मंद इंटरनेटसाठी योग्य असलेली ही गती आज टचस्क्रीनला चपखल बसते. नेटवर्क थोडं डळमळलं तरी बहुतेक कामं अडत नाहीत. वर्ल्ड, म्हणजे खेळाचा सर्व्हर, निवडताना यादीत प्रत्येक वर्ल्डचा देश दिसतो. तुमच्यापासून जवळचा घ्या. गर्दी आवडत असेल तर खेळाडूंचा आकडा पाहून निवडा.

सेटिंग्जमध्ये शोधायची पट्टी आहे, त्यामुळे पानं धुंडाळावी लागत नाहीत. पहिल्याच दिवशी एवढं बदलून घ्या:

- दुसऱ्या खेळाडूंवरचा 'अटॅक' पर्याय लपवा. फोनवर बोट चुकणं साहजिक आहे, आणि चुकून कुणावर तलवार उगारली की पुढचं निस्तरणं कठीण.
- महागडी वस्तू खाली टाकताना इशारा देणारी सेटिंग सुरू करा आणि किमतीची मर्यादा कमी ठेवा.
- टॅप करून वस्तू टाकण्याची सोय बटणावर घ्या. मासे किंवा खनिजं टाकत टाकत लेव्हल वाढवायची असेल तर याशिवाय बोटं दुखतील. काम झालं की ती आठवणीने बंद करा.
- प्रायव्हेट चॅट फक्त मित्रांपुरतं ठेवा.

चॅटची खिडकी अर्धा पडदा खाते; लागेल तेव्हाच उघडा. आवाज पूर्ण बंद करू नका, निदान पहिले काही दिवस. लंब्रिजचं संगीत कानावर पडलं की हात आपोआप जुन्या वाटा धरतात.

पहिली काही बसणी

जुनं कॅरेक्टर मिळालं असलं तरी माझा आग्रह आहे की पहिल्या दिवशी मोठ्या बॉसकडे, म्हणजे बलाढ्य शत्रूकडे, जाऊ नये. कुठली वस्तू कुठे ठेवली होती, कुठला मंत्र कुठे असायचा, हे बोटांना परत शिकवावं लागतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना तर 'कुक्स असिस्टंट' हीच क्वेस्ट (खेळातली कामगिरी) उत्तम. आचाऱ्याला अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं, बस. पण फोनवर खेळाची जवळपास सगळी कामं ती एका फेरीत शिकवते.

मडकं स्वयंपाकघरातच टेबलावर मिळतं, बादली खालच्या तळघरात. गाईपाशी जाऊन बादली भरा, कोंबड्यांच्या कुंपणातून अंडं उचला. मग गिरणी. शेतातून गहू घेऊन शिडीने वरच्या मजल्यावर जायचं. मधल्या मजल्यावर शिडीवर नुसता टॅप केला तर वर की खाली असं विचारत बसतं. बोट दाबून धरलंत तर थेट 'वर चढा' निवडता येतं. सगळ्यात वर गहू हॉपरमध्ये, म्हणजे धान्य ओतायच्या तोंडात, टाकायचा, बाजूचा दांडा ओढायचा, खाली उतरून पिठाच्या पेटीतून मडकं भरून घ्यायचं. दांडा ओढायचं राहिलं तर खाली पेटी रिकामीच दिसते आणि सगळे मजले पुन्हा चढावे लागतात. एवढं फोनवर सहज जमलं की नियंत्रणांची काळजी मिटली.

त्यानंतर बार्बेरियन व्हिलेजमधलं 'स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटी' गाठा. दारादारावर अकाउंट सुरक्षेचे प्रश्न विचारले जातात, आणि पहिल्या तीन मजल्यांची बक्षिसं मिळून १०,००० नाणी होतात. नव्या कॅरेक्टरसाठी ही रक्कम मोठी आहे. बरोबर थोडं अन्न न्या. आणि वॅरॉक शहराच्या दक्षिणेला दगडांच्या वर्तुळातले डार्क विझर्ड, म्हणजे दुष्ट जादूगार, विसरू नका. लेव्हल कमी असेल तर त्या बाजूने जाऊच नका. ते आजही तितक्याच उत्साहाने नवख्यांना मारतात.

मेलात तर घाबरू नका. २०२० पासून मरणाच्या जागी थडगं उभं राहतं आणि सामान घ्यायला १५ मिनिटं मिळतात. वेळ टळली तर सामान 'डेथ' नावाच्या पात्राच्या कार्यालयात जातं आणि पैसे भरून सोडवता येतं. वाइल्डरनेस, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात तो भाग, तिथलं गणित निराळं आहे, ते पुढे.

फोनला साजेशी कामं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. ओल्ड स्कूलमध्ये एखाद्या स्किलच्या (कौशल्याच्या) लेव्हल ९९ ला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात, आणि त्याचा निम्मा टप्पा लेव्हल ९२ ला येतो. हे गाठायला वर्षंही लागतात, आणि नजर दर सेकंदाला पडद्यावर नसली तरी चालतं. फोन इथे कॉम्प्युटरपेक्षा सरस ठरतो.

फुकट खेळणाऱ्यांसाठी ड्रेनॉर गाव घ्या. नदीकाठी विलोची झाडं आहेत, लेव्हल ३० ला तोडता येतात, आणि बँक अगदी चार पावलांवर. एक टॅप केला की कॅरेक्टर तोडत राहतं. पिशवी भरली की बँकेत जायचं. तिथेच किनाऱ्यावर जाळ्याने लहान मासेही मिळतात. लेव्हल २० झाल्यावर पिसं घेऊन बार्बेरियन व्हिलेजला ट्राउट पकडा, ३० ला सॅमन. लॉबस्टर ४० ला, त्यासाठी पोर्ट सॅरिमहून ३० नाणी देऊन कारामजा बेटाची बोट. ही सगळी कामं दुसरं काही करता करता होतात.

मेंबर असाल तर फोनची खरी गोडी 'फेऱ्यां'मध्ये आहे. पक्ष्यांची घरटी मांडली की ५० मिनिटांनी भरतात. औषधी वनस्पती पेरल्या की साधारण ८० मिनिटांनी तयार. म्हणजे जेवणाआधी पाच मिनिटं पेरणी, झोपण्याआधी पाच मिनिटं कापणी. दिवसभरात अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या तर हंटर आणि फार्मिंग ही स्किल नकळत वर जातात, आणि वनस्पती विकून पैसाही येतो. घरटी फॉसिल आयलंडवर मांडतात, त्यासाठी आधी 'बोन व्हॉयेज' क्वेस्ट करावी लागते. ती लवकर करून टाका. नव्याने मेंबर झालेल्याला मी पहिल्या महिन्यात सुचवेन ती ही सगळ्यात किफायतशीर गोष्ट.

लढाईसाठी सँड क्रॅब नावाचे खेकडे बरे. ते आपणहून अंगावर येतात आणि सुमारे दहा मिनिटांनी येणं थांबवतात. थोडं लांब जाऊन परत आलं की पुन्हा सुरू. हाणामारीत मेहनत कमी आणि एक्सपी नियमित.

बॉस, रेड (गटाने करायच्या मोठ्या मोहिमा), लढताना ताकद देणाऱ्या प्रार्थना पटापट बदलायच्या लढाया हे मी कॉम्प्युटरसाठी राखून ठेवतो. फोनवर ते करणारे पट्टीचे खेळाडू आहेत, पण परतल्या परतल्या तो नाद नको.

एक कळकळीची विनंती: फोनवर आपोआप टॅप करणारी ॲप लावू नका. नियमांत ते सरळसरळ निषिद्ध आहे, आणि बंदी आली की जुनी वर्षंही त्यासोबत जातात. तसंच फोनवर अधिकृत ॲप सोडून दुसरं कुठलंही ॲप वापरू नका. कॉम्प्युटरवर हा खेळ चालवणारा रूनलाइट हा बाहेरच्यांनी बनवलेला प्रोग्राम कंपनीने मान्य केलेला आहे, पण त्याच्या नावाने फोनसाठी जे काही दिसेल त्यापासून चार हात लांबच राहा.

मेंबरशिप कधी घ्यावी

फुकट आवृत्तीत १५ स्किल आहेत. बाकी एजिलिटी, स्लेअर, हंटर, फार्मिंग, आणि २०२५ मध्ये आलेलं सेलिंग, हे सगळं मेंबरसाठी. लगेच पैसे भरू नका. आधी काही दिवस फुकट खेळून खात्री करा की फोनवर खरंच मन रमतंय. एकाच मेंबरशिपमध्ये ओल्ड स्कूल आणि आरएस थ्री दोन्ही येतात. ॲप स्टोअरमधून वर्गणी घेतलीत तर रद्द करायलाही तिथेच जावं लागतं, खेळाच्या संकेतस्थळावर नव्हे.

दुसरा रस्ता बाँडचा. ग्रँड एक्सचेंज या खेळातल्या बाजारात खेळातल्याच नाण्यांनी बाँड विकत घेता येतो आणि त्यातून १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. पण नव्या खेळाडूला बाँडच्या मागे धावणं जड जातं. सगळा वेळ पैसे जमवण्यातच जातो. जुन्या बँकेत माल पडून असेल तर मात्र आधी भाव तपासा. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या काही वस्तू आज चांगल्या भावाने जातात. अगदी नव्या फुकट अकाउंटवर काही वस्तूंच्या विक्रीवर बंधन असतं; ते १० क्वेस्ट पॉइंट, एकूण लेव्हल १०० आणि २० तास खेळ झाल्यावर सुटतं.

मेंबर झाल्यावर पहिली मोठी क्वेस्ट म्हणून 'वॉटरफॉल क्वेस्ट' करा. एकही लढाई न करता ती पार पडते आणि अटॅक व स्ट्रेंग्थ दोन्हींत प्रत्येकी १३,७५० एक्सपी देते; दोन्ही थेट १ वरून ३० वर जातात. तेवढं हाताने मिळवायला तासन् तास लागतात. क्वेस्ट करताना मार्गदर्शक पान दुसऱ्या उपकरणावर उघडं ठेवा. फोनवर ॲप बदलत बसलात तर आगीच्या राक्षसांसमोर कनेक्शन तुटण्याची भीती. या क्वेस्टमधल्या थडग्यात शिरण्याआधी शस्त्रं आणि चिलखत बँकेत ठेवा, ती घेऊन आत जाता येत नाही.

फसवणूक

जुन्या खेळाडूंना लुटणारे टपलेले असतात, कारण जुन्या अकाउंटमध्ये माल असतो आणि मालकाला नवे डाव माहीत नसतात. 'पैसे दुप्पट करून देतो' हा प्रकार आजही चालतो. कंपनीचा कर्मचारी निवृत्त होतोय आणि सोनं वाटतोय असे बनावट लाइव्ह व्हिडिओ चालतात. त्याखालची लिंक लॉगिन चोरते. अकाउंटवर बंदी येणार आहे अशा धमकीचे मेल येतात. खेळात कंपनीच्या माणसाच्या नावापुढे सोनेरी मुकुट असतो, आणि तो कधीही पासवर्ड विचारत नाही. लॉगिन कायम ॲपमधून किंवा स्वतः पत्ता टाईप करूनच करा.

वाइल्डरनेसमध्ये मी फोनवर जात नाही, आणि तुम्हीही निदान सुरुवातीला जाऊ नका. कुणी गोडीगुलाबीने 'चल, तुला पैसे कमवायची जागा दाखवतो' म्हणत उत्तरेला नेलं आणि वाटेत खंदक लागला, तर तिथूनच मागे फिरा. वाइल्डरनेसच्या २० लेव्हलच्या वर साधे टेलिपोर्ट (जादूने क्षणात दुसरीकडे जाणं) चालत नाहीत, आणि इतर खेळाडूंनी मारलं तर सामान त्यांचं.

माणसं शोधताना

जुन्या मित्रांपैकी काही जण अजून खेळत असतील. त्यांची नावं बदललेली असू शकतात, म्हणून खेळाबाहेरूनच एखादा निरोप टाका. कुणी सापडलं नाही तर क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, शिरा. मे २०२१ पासून खेळातच क्लॅनची पक्की व्यवस्था आहे, आणि नवख्यांना, परतलेल्यांना आवर्जून घेणारे क्लॅन पुष्कळ आहेत. ग्रँड एक्सचेंजवर उभं राहून विचारलंत तरी कुणी ना कुणी उत्तर देतं. मेंबर असाल तर मतदानातही भाग घ्या: मोठा बदल खेळाडूंच्या ७० टक्के मतांशिवाय येत नाही. तुम्ही नव्हता त्या काळात काय स्वीकारलं गेलं आणि काय फेटाळलं गेलं, ते जुन्या मतदानांच्या यादीत वाचायला मिळतं. वर्षांच्या अंतरानंतर काय काय बदललंय हे कळायला तिच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही.